नवा कंपायलर आला त्या लाकूपला

लाकूप सुरू झाली. ऊसतोडीच्या हंगामाला आम्ही लाकूप म्हणतो, आमच्या बापांच्या आधीपासून म्हणतो. सकाळी फाटकाशी उभा राहिलो तर रस्त्यावर उसाची कांडी पडलेली, लॉरीच्या चाकाखाली चेपलेली, आंबूस वासाची. या बेटावर, आमच्या कांप दे मास्क गावात, हे दिसलं की कोणी कॅलेंडर बघत नाही. डोंगराकडून तो बारीक तिरका पाऊस येतो, छत्री उघडावी तर थांबतो, मिटावी तर परत येतो. उसाला पांढरे तुरे आलेले असतात. वाऱ्याने ते सगळे एका बाजूला झोपतात आणि सगळे मिळून उठतात.

यंदाही झोपले, उठले. मी बघितलं. काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू.

सुमती, माझी बायको, वादळांच्या दिवसांत गेली. रेडिओवर वादळाची सूचना चालू होती. गल्लीत लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते, आणि त्या ठोकण्याच्या आवाजात ती गेली. वादळ आलंच नाही. बेटाच्या बाजूने निघून गेलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी फळ्या काढल्या.

तेव्हापासून मी बरा आहे. कोणी विचारलं तर बरा आहे असंच सांगतो. जेवतो, झोपतो, केळीला पाणी घालतो. चव लागत नाही एवढंच. आमटीत मीठ जास्त झालं की कमी, जीभ सांगत नाही. रडूही येत नाही. शेजारची बाई मला तोंतों, म्हणजे काका, म्हणते. ती म्हणाली, "तोंतों, एकदा रडून घ्या, हलकं वाटेल." मी म्हटलं, जड वाटतंय कुणाला?

गेल्या रविवारी मुलगी आली. मीना. ती बो बासेंला राहते, तिथेच एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. ताटावर बसली आणि भात चिवडत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही पापा. ऑफिसचं. आमच्या सिस्टिमचा कंपायलर बदलला. आमचे स्वतःचे प्रोग्रॅम ठीक आहेत. पण बाहेरच्यांकडून घेतलेले एकेक मोडतायत. कुणी लिहिलेत त्याचा पत्ता नाही, आणि दुरुस्त आम्ही करायचे."

मी विचारलं, "वाटणी केली का कोणी?"

"कसली वाटणी?"

"काही नाही. जेव."

ती हसली नाही. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं. फोटो मीनानेच लावलाय. मी लावला नसता. मला ती कशी दिसायची ते ठाऊक आहे.

*

मी साखरेच्या कोठीवर, म्हणजे मळे आणि कारखाना असलेल्या इस्टेटीवर, लॉरी चालवायचो. शाळा फार केली नाही. मराठी शिकलो ती देवळामागच्या पत्र्याखाली, संध्याकाळच्या बैठकेत. सुमती पेती राफ्रे गावची, शिकलेली. आमचं लग्न जमलं तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी तोंडं वाकडी केली होती. सत्तरच्या दशकात ती कोठीच्या ऑफिसात टाइप करायला लागली. पुढे कोठीने मशीन आणलं, चार कपाटांएवढं, आणि तिला कोर्सला पाठवलं. तिकडून ती प्रोग्रॅम लिहायला शिकून आली.

मशीनची खोली थंड ठेवायचे. बाहेर अंगातून घामाच्या धारा, आणि ती आत लोकरीचं स्वेटर घालून बसायची. मुल्यांचे, म्हणजे कारखान्याचे, लोक फाटकावरून ओरडायचे, "एता, अरे लॉरीवाल्या! बायको थंड डब्यात, नवरा गरम डब्यात! घरी एकत्र ठेवलं तर तडा जाईल!" मी हात दाखवायचो. संध्याकाळी ती लॉरीत चढली की आधी तिचे हात माझ्या मानेवर ठेवायची. गार, स्पिरिटचा वास असलेले. टेपच्या मशीनची डोकी स्पिरिटने पुसायची असत, त्याचा वास. "अगो, काढ, काढ!" मी म्हणायचो. काढू नये असं वाटायचं.

हे लिहिताना मानेला काही झालं नाही. मान आहे तिथे आहे.

*

कंपायलर म्हणजे काय, हे तिने मला ओसरीवर तूरडाळ निवडताना सांगितलं होतं. मी विचारलं नव्हतं. तीच सांगायची, कारण सांगितल्याशिवाय तिला स्वतःला नीट कळत नसे.

"जुन्या काळी कोठीवर सरदार असायचा ना," ती म्हणाली. "साहेब बोलायचा फ्रेंच, मजूर बोलायचे आपलं. सरदार मधला. साहेबाचं मजुरांना कळेल असं करून द्यायचा. कंपायलर म्हणजे तो सरदार. मी लिहिते ते मशीनला कळेल असं करून देतो."

"मग?"

"मग सरदार बदलला."

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील ती. मशीन देणाऱ्या कंपनीकडून नवी टेप आली होती. सगळी आतली व्यवस्था नवी, आणि तिच्यासोबत नवा कंपायलर. रोजचीच आज्ञा टाइप केली की आता जुन्याऐवजी नवा धावून यायचा. लाकूप संपून पुढची सुरू व्हायच्या मधले ते रिकामे महिने. मुल्यांची धुरांडी थंड, लोक बॉयलर खरवडत होते. अशाच वेळी असली कामं काढतात.

"जुना सरदार भला होता," सुमती म्हणाली. "आपण अर्धवट बोललो तरी म्हणायचा, समजलं, समजलं. नवा म्हणतो, नीट बोल."

"मग नवा बरा की."

"नवा बराच आहे. पण जुन्याने किती झाकलं होतं ते आता बाहेर येतंय."

कोठीचे स्वतःचे प्रोग्रॅम तिनेच लिहिलेले, ते तिने नीट करून घेतले. खरी रड बाहेरच्या प्रोग्रॅमांची होती. कोठी आपलं मशीन बाहेरच्यांनाही वापरू द्यायची, आणि त्यात आमच्या गावच्या छोट्या ऊसवाल्यांची सहकारी सोसायटी होती. सोसायटीचा एक प्रोग्रॅम होता. गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचा, कोणाचा ऊस ते बघायचा, पावती द्यायचा आणि पुढचा नंबर लावायचा. तो लिहिला होता गावच्या एका मास्तराने, आणि मास्तर कॅनडाला निघून गेला होता.

तो प्रोग्रॅम नव्या कंपायलरखाली उभाच राहीना.

कोठीच्या ऑफिसचा मुख्य मिस्ये जेरार. माणूस वाईट नव्हता, रोखठोक होता. त्याने सुमतीला सांगितलं, "आपले प्रोग्रॅम आपण बघायचे. बाहेरचे बाहेरच्यांनी. लाकूपच्या पहिल्या दिवशी जुना कंपायलर मशीनवरून जाईल. दोन-दोन सांभाळायला माझ्याकडे माणसं नाहीत."

"तोपर्यंत जुन्याला दुसऱ्या नावाने राहू दे," सुमती म्हणाली. "ज्याला लागेल तो नाव घेऊन बोलावील. पण रोजचा मान नव्याला."

"तोपर्यंतच. त्यानंतर नाही."

"तोपर्यंतच," ती म्हणाली.

पहिल्या दिवसापर्यंत प्रोग्रॅम नव्याखाली उभा राहिला नाही तर काय होणार हे गावात सगळ्यांना कळत होतं. नंबर नाही म्हणजे सोसायटीच्या गाड्या मोठ्या मळ्यांच्या गाड्यांमागे. तोडलेला ऊस उन्हात उभा. तोडल्यापासून उसातली साखर उतरायला लागते, ती कुणाची वाट बघत नाही. वर्षभर राबायचं आणि फाटकाबाहेर सरपण करून ठेवायचं.

*

सोसायटीचं काम माझा चुलत भाऊ देवा बघायचा. पोटाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. मास्तराच्या हाताखाली थोडंफार शिकला होता. तो मोपेडवरून आमच्याकडे यायचा, हेल्मेट काढायच्या आधी बोलायला सुरुवात करायचा.

"वहिनी, तुझा नवा सरदार हरामी आहे."

"काय म्हणतो तो?"

"म्हणतो, आकडा ठेवायचं 'वजन' नावाचं भांडं दोन ठिकाणी आहे. काट्याच्या भागातही आहे, पावतीच्या भागातही आहे. म्हणतो, एका नावाची दोन भांडी चालणार नाहीत. अगं, इतकी वर्षं चाललं की!"

"इतकी वर्षं जुना दोन्हींना एकच समजून घ्यायचा," सुमती म्हणाली. "मास्तराने दोन्हीकडे लिहिलं, जुन्याने मुकाट्याने एक केलं. नवा विचारतोय, मालक कोण?"

"मी करतो काहीतरी," देवा म्हणाला. "तू हात लावू नको. उद्या कोठीवाले म्हणतील, ऑफिसच्या बाईने सोसायटीचं काम केलं."

आणि त्याने केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोपेडच्या हँडलला गातो पिमांची पुडी अडकवून आला. मिरची आणि डाळीचे ते गरम वडे, तेलाने कागद पारदर्शक झालेला. "झालं!" तो फाटकातूनच ओरडला. "नवा सरदार गप्प! एक शब्द बोलला नाही. दादा, उद्या तुझी लॉरी काट्यावर घेऊन ये. चाचणी करू."

ऊस नव्हता, म्हणून लॉरीत दगड भरले. मुल्यांचे लोक काम टाकून बघायला आले. मी लॉरी काट्यावर चढवली, हँडब्रेक ओढला, खाली प्लेट दबली ती बुडाला कळली. आत पावतीचं मशीन कर्र कर्र वाजलं. देवा खिडकीतून पावती धरून उभा. त्याच्या तोंडाकडे बघून मी इंजिन बंद केलं.

"काय आलं?"

"दादा," तो म्हणाला, "तुझ्या लॉरीचं वजन शून्य आहे."

लोकांनी हसून काटा हलवला. "उतरू नको रे, उडून जाशील!" "म्हणून एवढी हळू चालवतो!" "बायकोने रिकामा करून सोडला!" मी दगडांकडे बघत होतो. दगड होते. टायर दबलेले होते. देवा हसत नव्हता. त्याच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता, आणि तो पुसत नव्हता. सोसायटीतल्या लोकांना त्याने झालं म्हणून सांगून टाकलं होतं.

सुमती ऑफिसातून बाहेर आली, स्वेटरमध्येच, उन्हात. तिने पावती बघितली आणि देवाला विचारलं, "दोन भांड्यांचं काय केलंस?"

"काय करणार? भांडण मिटवलं. एकाचं नाव बदललं. काट्याला त्याचं वजन, पावतीला तिचं वजन. ज्याचं त्याला."

सुमतीने पदर तोंडाला लावला. ती कशाला हसतेय ते मला कळलं, आणि देवाला माझ्याआधी कळलं.

आमच्या घरी एक गोष्ट झाली होती. माझा बाप आणि देवाचा बाप वेगळे झाले तेव्हा घरात एक मोठी देकची होती, लग्नाकार्याच्या भाताची. ती कोणाची यावर भाऊ बोलेनासे झाले. देवळाच्या पंचांनी तोडगा काढला की तशीच दुसरी आणायची, एकेक घरी एकेक. भांडण मिटलं. त्यानंतर आमच्या घरी भात शिजायचा तेव्हा त्यांच्या घरची देकची रिकामी, त्यांच्या घरी शिजायचा तेव्हा आमची. एकमेकांकडे पान वाढलं गेलं नाही. आमच्या लोकांना दोघांच्या तंट्यावर एवढं एकच औषध येतं, सगळ्यांना वेगळं द्या. देवाने मशीनलाही तेच पाजलं.

"अरे, वाटणी कसली करतोस," सुमती म्हणाली. "काटा आपल्या देकचीत वजन टाकतो. पावती स्वतःच्या देकचीत बघते. ती कोरी. सरदार बोलणार कशाला? त्याला दोन नावं, दोन भांडी, सगळं बरोबरच दिसतंय. भांडं एकच आहे देवा. एकाच घरी ठेव. दुसऱ्याने लिहायचं, माझ्याकडे नाही, बाहेर आहे, तिथून आणतो."

"एवढंच?"

"एवढंच."

देवा आत पळाला. थोड्या वेळाने परत आला, तोंड आणखी लांब.

"आता उभाच राहात नाही. म्हणतो, 'वजन' सापडत नाही."

"कुठे लिहिलंस, बाहेर आहे म्हणून?"

"दोन्हीकडे. भांडण नको म्हणून."

या वेळी सुमती हसली नाही. दमली होती बहुतेक. ती लॉरीच्या चाकाला टेकली आणि म्हणाली, "सगळेच म्हणाले दुसऱ्याकडे आहे, तर आहे कुणाकडे? कुणीतरी एकाने म्हणायला हवं ना, माझ्याकडे आहे."

मग देवाने काट्याकडे भांडं ठेवलं आणि पावतीकडे बाहेर लिहिलं. कर्र कर्र. पावती आली. दगडांचं वजन आलं, लॉरीचं वजन आलं. देवाने पावती कपाळाला लावली, मग माझ्या कपाळाला लावली, मग सुमतीच्या पाया पडायला वाकला आणि पोट मध्ये आलं.

लाकूपच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला. सोसायटीच्या गाड्या आपापल्या नंबराने काट्यावर चढल्या. त्या दिवशी जुना कंपायलर मशीनवरून काढायचा होता, तो सुमतीनेच काढला. मिस्ये जेरारला आठवण करून द्यावी लागली नाही. लॉरीत बसली, हात मानेवर ठेवले.

मी म्हटलं, "वाईट वाटलं?"

"कशाचं? ज्यांना तो लागत होता ते आता उभे आहेत. मग कशाला ठेवायचा?"

हवेत मळीचा जाड गोड वास होता. रस्त्यावर ऊस पडलेला. तिने खिडकीतून हात बाहेर काढून पाऊस बघितला आणि म्हणाली, "घरी वाल भिजवलेत. बटाटा घालू की नको?" एवढंच बोलली. एवढ्या मोठ्या दिवसाला तेवढंच.

*

ती कोठी आता बंद आहे. धुरांड्यावर झाड उगवलंय. ऊस मोठ्या ट्रकांतून लांबच्या मुल्यांना जातो. देवाही गेला. काटा होता तिथे गाड्या धुतात.

मी कधी कधी त्या दगडांच्या लॉरीचा विचार करतो. माझं तसंच आहे. वजन आहे. टायर दबलेत, बघणाऱ्यालाही दिसतंय. पण पावती कोरी येते. वजन पडतंय कुठल्यातरी एका भांड्यात, आणि मी बघतोय ते दुसरं.

आणखी एक कळलं, हळूहळू कळलं. आमच्या घरात सगळ्यांनीच लिहून ठेवलं होतं, बाहेर आहे. मीना विचारायची, पापा, गणपतीचे पाट कुठे? मी म्हणायचो, आईला विचार. मी मीनाला विचारायचो, त्या पेती राफ्रेच्या मामीचं नाव काय गं? ती म्हणायची, आईला विचारा. पुजाऱ्याला तिथी हवी असेल, शेजारणीला लोणच्याचं माप हवं असेल, सगळे सुमतीकडे. घरभर तिचं नाव. आणि ज्याच्याकडे म्हणून सगळ्यांनी बोट दाखवलं होतं, ते माणूसच नाही. ती गेल्यावर घर पडलं नाही, भिंती उभ्या आहेत. पण कुठलीही गोष्ट काढली की तिथेच थांबते.

बुधवारी मीनाचा फोन आला.

"पापा, शनिवारी येते. गणपतीला अळूवड्या करायच्यात. यंदा मी करते. पानं मागच्या अंगणातली काढू ना?"

"काढ."

"पण तिथे दोन गड्डे आहेत. एक खाजरं आहे. आई एकाचीच पानं घ्यायची. कुठल्याची?"

माझ्या तोंडात आलंच होतं. आईला. तेवढा शब्द सुटला आणि थांबलो. तिकडे मीनालाही ऐकू आलं असणार, अर्धंच.

"थांब," मी म्हटलं. "सांगतो."

मागच्या अंगणात गेलो. दोन गड्डे. एक नळाजवळ, एक भिंतीजवळ. सारखीच पानं, सारखे देठ, पावसाचे थेंब दोन्हींवर सारखेच उभे. मला त्यांच्यात फरक दिसेना, कधीच दिसला नव्हता. इतकी वर्षं खाल्ल्या त्या वड्या. तिने नेहमी त्या दोन गड्ड्यांतला एक ओळखून मला जेवू घातलं होतं.

दोन्हींचं एकेक पान तोडलं. दोन पातेल्यांत वेगवेगळं उकडलं, चिंच न घालता. चिंच घातली तर खाज मरते, मग काय कळणार? भिंतीजवळचं आधी खाल्लं. काही नाही. माझी जीभ तशी काही सांगतच नाही, म्हणून वाट बघितली. पाणी प्यालो. मग नळाजवळचं खाल्लं.

आधी काहीच नाही. मी भांडी धुवायला घेतली. आणि मग घशात, अगदी मागे, कोणीतरी बारीक सुया टोचायला सुरुवात केली. जीभ जाड झाली. ओठ चुणचुणले. मी खाकरलो, थुंकलो, जीभ बोटाने घासली, काही फरक नाही. स्वयंपाकघरात उभा राहून गळा धरून मी हूं हूं करत होतो, एकटाच, म्हातारा माणूस. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा अंगाला काहीतरी होत होतं.

भिंतीजवळच्या गड्ड्याच्या देठाला मी चिंधी बांधली. मग फोन केला.

"भिंतीकडचं घे. नळाकडचं खाजरं."

"आवाजाला काय झालं?" मीना म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं? आई सांगून गेली होती?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पापा, चिंच खा. आई चिंच द्यायची, लगेच जातं."

चिंच फळीवर होती, बरणीत. हात पुरत होता. मी तिला हो म्हटलं, फोन ठेवला आणि अंगणाच्या पायरीवर येऊन बसलो. बारीक पाऊस होता. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, एक कांडं पडलं. घसा आणखी पेटला.

चिंच घेतली नाही.